सामाईक भिंतींची घरं : लंडन आणि बर्मिंगहॅममधल्या विटांच्या रांगा

पहिला दिवस : न्यूइंग्टन ग्रीन आणि स्पिटलफील्ड्स

सुरुवात उत्तर लंडनपासून करावी. कॅननबरी स्टेशनवर उतरून दहा-बारा मिनिटं चाललं की न्यूइंग्टन ग्रीन हा लहानसा हिरवा चौक लागतो. त्याच्या एका कडेला ५२ ते ५५ क्रमांकाची चार घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. दर्शनी भिंतीवर साल आहे १६५८. विटांच्या टेरेस घरांची, म्हणजे सामाईक भिंतींनी जोडलेल्या रांगेची, इंग्लंडमध्ये उरलेली ही सर्वांत जुनी ओळ. संरक्षणाचा सर्वांत वरचा, पहिला दर्जा तिला आहे. मूलगामी विचारांचे धर्मोपदेशक आणि गणिती रिचर्ड प्राइस अठराव्या शतकात ५४ क्रमांकात राहत.

घरांपेक्षा त्यांचं साल महत्त्वाचं. लंडनची मोठी आग १६६६ची. 'आग लागली म्हणून लंडन विटांचं झालं' हे वाक्य सगळीकडं वाचायला मिळतं, पण ही ओळ आगीच्या आठ वर्षं आधीची आहे. विटांची फॅशन आधीच आली होती. आगीनंतर तिचा कायदा झाला. चौकाच्या मधोमध उभं राहून वर पाहिलं की प्रत्येक घराचा त्रिकोणी माथा रस्त्याकडं तोंड करून दिसतो. रांग एकच असली तरी छपरं चार, सुटी सुटी. असं छप्पर पुढच्या शतकात लंडनच्या रस्त्यावरून नाहीसं होतं, आणि का, ते दुपारी कळतं.

कॅननबरीहूनच शोरडिच हाय स्ट्रीटला थेट गाडी आहे. तिथून चालत फोर्नियर स्ट्रीट, विल्क्स स्ट्रीट, प्रिन्सलेट स्ट्रीट आणि एल्डर स्ट्रीट, याच क्रमानं. ही घरं बहुतांश १७२०च्या दशकातली. १६८५ मध्ये फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतल्यावर तिथून परागंदा झालेले ह्यूगनो रेशीमकर या भागात वसले. काही घरांच्या दारांवर टांगलेल्या लाकडी रिळी त्यांच्या आठवणीच्या आहेत. वर बघितलं तर माळ्यावर भिंतभर पसरलेल्या रुंद खिडक्या दिसतील. रेशमाच्या मागाला भरपूर उजेड लागतो, म्हणून माग सर्वांत वर. खाली पॅनेल लावलेल्या खोल्यांत मालकाचं घर आणि व्यापार.

आता कायद्याची गंमत. १६६७च्या पुनर्बांधणी कायद्यानं लंडन शहरातल्या घरांचे चार वर्ग पाडले आणि बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या सक्तीच्या केल्या. १७०७च्या कायद्यानं छपराखालची लाकडी कॉर्निस, म्हणजे भिंतीबाहेर आलेली नक्षीची पट्टी, बंद केली. एका घराची आग त्या लाकडावरूनच रांगभर पळत असे. तिच्या जागी दर्शनी भिंतच वर चढवून कठडा करायचा आणि छप्पर त्यामागं लपवायचं. सामाईक भिंत तळघरात आणि तळमजल्यावर दोन विटा जाड, वर दीड वीट, आणि छपराच्याही वर १८ इंच काढायची, हीही अट तेव्हाचीच. लंडनच्या कुठल्याही जुन्या रांगेत छपरांमधून दर घरागणिक वर आलेल्या विटांच्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच. १७०९ मध्ये खिडकीची चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत ढकलायला लावली. १७७४च्या कायद्यानं वर-खाली सरकणाऱ्या खिडकीची वजनं ठेवायची लाकडी पेटी विटांच्या मागं लपवली.

म्हणजे खिडकी पाहून घराचं वय सांगता यायला हवं. चौकट भिंतीच्या पातळीत असेल तर १७०९ पूर्वीचं, आत पण पेटी दिसत असेल तर मधल्या काळातलं, पेटी दिसतच नसेल तर १७७४ नंतरचं. प्रत्यक्षात मात्र यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. नियम मोडणारे बिल्डर तेव्हाही होते, आणि खिडक्या हा घराचा सर्वांत लवकर बदलला जाणारा भाग. लंडनबाहेर तर हे कायदे लागूच नव्हते; तिथं फॅशन म्हणून त्या गोष्टी काही दशकांनी पोचल्या. विटांत नंतर केलेला फेरफार मात्र लपत नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या विटा अर्ध्या तोडून बसवलेल्या दिसल्या तर तिथं कुणीतरी हात घातलेला आहे.

१८, फोल्गेट स्ट्रीट हे घर आतून बघता येतं. १९७९ मध्ये डेनिस सेव्हर्स यांनी ते घेतलं आणि खोल्या मेणबत्तीच्या उजेडात, जणू घरची माणसं आत्ताच उठून गेली अशा मांडल्या. हे नाटक आहे, संग्रहालय नव्हे. पण अशा घरात मुळात उजेड किती कमी असे, हे दुसरीकडं कुठं कळणार नाही. एल्डर स्ट्रीटवरही थांबावं. १९७७ मध्ये तिथली घरं पाडायला काढली तेव्हा वास्तुइतिहासकारांनी आत ठाण मांडून ती वाचवली. ब्रिक लेनच्या कोपऱ्यावरची मशीद १७४३ मध्ये ह्यूगनो चर्च म्हणून बांधलेली. मग ती मेथडिस्टांकडं गेली, १८९८ मध्ये सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून मशीद आहे. भिंती त्याच.

दुसरा दिवस : बेडफर्ड स्क्वेअर

हा दिवस सगळ्यात मोठा, आणि त्यासाठी पूर्ण वेळ ठेवावा. टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनवरून पाच मिनिटांत चौकात पोचता येतं. १७७५ ते १७८३ या काळात चारही बाजू एकाच नकाशानुसार उठल्या आणि त्या आजही जवळजवळ अखंड आहेत.

आधी पैशाचं गणित. जमीन बेडफर्डच्या ड्यूकची, आणि ती तो विकत नाही. दीर्घ भाडेपट्ट्यानं देतो. बिल्डर पट्टा घेतो आणि बांधकाम चालू असेपर्यंतच्या पहिल्या एक-दोन वर्षांत भाडं नाममात्र, कागदोपत्री मिरीचा एक दाणा. तेवढ्या अवधीत सांगाडा उभा करून घर दुसऱ्याला खपवायचं. रोख रक्कम कमी पडली की गवंडी सुताराच्या घराच्या भिंती बांधी, सुतार गवंड्याच्या घरातल्या लाकडी जमिनी आणि जिने करी. पट्टा संपला की घर जमिनीसकट मालकाकडं परत. अशा व्यवहारात दोनशे वर्षं टिकेल असं बांधण्याची गरज कुणालाच नव्हती. जे रस्त्यावरून दिसतं तेच उत्तम करायचं, हा हिशेब. जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातल्या, टेरेसचे गुण आणि रोग दोन्ही इथूनच निघतात.

१७७४च्या कायद्यानं घरांचे चार दर्जे ठरवले. ८५० पौंडांहून जास्त किमतीचं आणि ९०० चौरस फुटांहून जास्त जागा व्यापणारं ते पहिल्या दर्जाचं. १५० पौंडांच्या आणि ३५० चौरस फुटांच्या आतलं ते चौथ्या. बेडफर्ड स्क्वेअर पहिल्या दर्जाचा. तळघरात स्वयंपाक, तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, वर निजायच्या खोल्या, माळ्यावर नोकर. भिंतीवर हे सगळं खिडक्यांच्या उंचीतून वाचता येतं : पहिल्या मजल्याच्या सर्वांत उंच, आणि वर जाऊ तशा बुटक्या.

कठड्यापाशी उभं राहून खाली डोकावलं की तळघर आणि रस्ता यांमधला खंदकासारखा मोकळा भाग दिसतो. लोकांना वाटतं, तळघर जमिनीत पूर्ण खोल खणलेलं आहे. बहुतेक ठिकाणी तसं नाही. पायासाठी निघालेली माती पुढं ओढून रस्ताच उंच केला जाई, म्हणून मागची बाग रस्त्यापेक्षा खाली असते आणि तीच साधारण मूळ जमीन. रस्त्याच्या कडेखाली विटांच्या कमानींची कोळशाची कोठारं. फुटपाथवरच्या बशीएवढ्या लोखंडी गोल झाकणांतून कोळसा थेट खाली ओतायचा, घरात काळा पाय पडत नसे. या कमानींतून पाणी झिरपणं ही आजच्या मालकांची कायमची डोकेदुखी. वरून रस्त्याची वाहतूक, खाली ओल.

दारांभोवतीचे खडबडीत, किडे पोखरल्यासारखे नक्षीचे ठोकळे आणि कमानीच्या कळीच्या दगडावरचे चेहरे दगडाचे नाहीत. तो कोडस्टोन : एलिनॉर कोड यांनी १७६९ पासून लॅम्बेथच्या कारखान्यात भट्टीत भाजून काढलेला मातीचा माल. साच्यातून काढलेला असल्यानं शेजारच्या दारावरही तोच चेहरा भेटतो. पोर्टलंडचा दगड जिथं झिजला तिथंही हे अजून कडक आहेत.

उत्तर आणि दक्षिण बाजूंच्या मधोमध गिलावा केलेली, त्रिकोणी माथ्याची जोडघरं आहेत. त्यांवर अर्धस्तंभ पाच. शास्त्राप्रमाणं मध्ये मोकळी जागा यायला हवी, खांब नव्हे. जाणकार दोनशे वर्षं या चुकीवर बोट ठेवत आले आहेत. पण तिथं दोन घरं आहेत आणि मधोमध त्यांची सामाईक भिंत येते. तिच्यापुढं दार किंवा खिडकी काढता येत नाही, मग खांब उभा केला. आम्हाला ही तडजोड देवळासारख्या शुद्ध माथ्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

आता भिंतच. विटा फ्लेमिश बाँडमध्ये रचलेल्या आहेत, म्हणजे प्रत्येक रद्द्यात, विटांच्या आडव्या ओळीत, एक वीट लांबीनं, एक डोक्यानं. डोक्यानं दिसणारी वीट भिंतीत आडवी आत गेलेली असावी, बाहेरचा आणि आतला थर तिनंच बांधायचा असतो. पण बाहेरची वीट निवडक आणि महाग, तिचे सांधे बारीक. आतली कच्ची-पक्की, स्वस्त, सांधे जाड. त्यामुळं आतले आणि बाहेरचे रद्दे एका पातळीत येतात ते काही रद्द्यांनंतर एकदा. मधल्या सगळ्या ठिकाणी गवंडी महाग वीट मोडून तिचं अर्धं डोकं नुसतं चिकटवून देई. एका विटेत दोन डोकी, बचतही झाली. परिणाम असा की दीड वीट जाड दिसणारी भिंत खरं तर अर्ध्या विटेचा पापुद्रा आणि मागं वेगळी एक विटेची भिंत असते.

आतल्या भिंतीत चुना जास्त, ती जास्त दबते. बाहेरचा पापुद्रा दबत नाही, मग त्याला पोट येतं. आतून भिंतीत आडवे घातलेले लाकडी पट्टे कुजले की आणखी भर. ओळंबा न लावताही हे ओळखता येतं : भिंतीला गाल टेकवून लांबवर पाहावं, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापाशी फुगवटा दिसतो. टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर पापुद्रा सुटलेला. दुसरी कमजोर जागा म्हणजे दर्शनी भिंत आणि सामाईक भिंत यांचा कोपरा. सामाईक भिंत आधी, स्वस्त विटेत उठे आणि पुढची नंतर तिला टेकवली जाई. दोहोंत सांधा नसल्यानं आतून कोपऱ्यात उभी, वर रुंद होत जाणारी चीर पडते. उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पिळाच्या सळ्या भोक पाडून दोन थरांतून घालणं आणि मजल्याच्या तुळ्यांना पट्ट्यांनी भिंत धरून ठेवणं. पोट मागं दाबून सरळ करायचा प्रयत्न करू नये. ते जागेवर थांबवायचं, एवढंच.

विटेचा पिवळट रंग लंडनचा. इथल्या गाळाच्या मातीत खडू आणि घरोघरच्या चुलींची चाळलेली राख मिसळत. राखेतला अर्धवट जळलेला कोळसा विटेला आतूनच भाजत असे, म्हणून पृष्ठभागावर काळे ठिपके दिसतात. खिडक्यांवरच्या कमानी मात्र वेगळ्या, मऊ विटा घासून आकार दिलेल्या, सांधा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, त्यात भिजवलेला निवळ चुना.

विटांमधले सांधे भरण्यात सर्वाधिक नुकसान होतं आणि ते आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही तसंच चालू आहे. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. त्यावर सिमेंट भरलं की ओल विटेतूनच निघायला बघते, क्षार विटेच्या तोंडाशी जमतात, लोणा लागतो, आणि थंडीत आत पाणी गोठलं की विटेचा चेहरा खपलीसारखा सुटतो. सांधा शाबूत आणि वीट आत गेलेली दिसली की तिथं सिमेंट आहे हे नक्की. योग्य रीत अशी : जुना सांधा हातानं, छिन्नीनं साधारण २५ मिलिमीटर, निदान सांध्याच्या जाडीच्या दुप्पट खोल काढायचा. ग्राइंडर चालवला तर विटेच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. मग सांधा धुऊन ओला करायचा. एक भाग सौम्य जलीय (पाण्यानं घट्ट होणारा) चुना आणि अडीच ते तीन भाग खरखरीत वाळू, पाणी कमीत कमी. घट्ट ठासून भरायचं. वर ओलं गोणपाट काही दिवस. तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर काम सुरूच करू नये. तिथं हा हंगाम जेमतेम एप्रिल ते सप्टेंबर.

संध्याकाळी लिंकन्स इन फील्ड्सवरचं वास्तुकार सर जॉन सोन यांचं घर. १२, १३, १४ अशी तीन रांगघरं त्यांनी १७९२ ते १८२४च्या दरम्यान एकामागून एक नव्यानं बांधली. दोन सामाईक भिंतींत अडकलेल्या घरात उजेड फक्त वरून आणता येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं नसेल. १३ क्रमांकाच्या पुढं काढलेल्या दगडी सज्जावरून १८१२ मध्ये सरकारी सर्व्हेयरनं त्यांना कोर्टात खेचलं. सोन जिंकले.

तिसरा दिवस : बर्मिंगहॅम

यूस्टन स्टेशनवरून बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला जलद गाडीनं साधारण दीड तास. सुटल्यावर काही मिनिटांतच गाडी प्रिमरोज हिलच्या बोगद्यातून जाते. चौथ्या दिवसाचा रस्ता त्याच टेकडीच्या कुशीत आहे. जमीन ईटन कॉलेजची होती, घरं बांधून पैसा करायचा होता, म्हणून कॉलेजनं रेल्वेला वरून जाऊ दिलं नाही, बोगदा खणायला लावला.

न्यू स्ट्रीटहून दहा मिनिटांवर, हिपोड्रोम नाट्यगृहाजवळ, इंग स्ट्रीट आणि हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर शहरातलं पाठीला पाठ घरांचं शेवटचं अंगण उरलं आहे. ही घरं १८०२ ते १८३१ मध्ये उठली. दुरुस्तीनंतर २००४ पासून नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था ती दाखवते. आत जाता येतं ते मार्गदर्शकाबरोबरच. आधी नोंदणी करावी, आणि गुडघे धड नसतील तर विचार करावा. जिने अरुंद, वळणदार आणि उभे आहेत.

रचना अशी : एक घर रस्त्याकडं तोंड करून, दुसरं अंगणाकडं, दोघांची मागची भिंत एकच. म्हणजे प्रत्येक घराला तीन बाजूंनी शेजारी आणि खिडक्या एकाच बाजूला. मजल्यावर एकच खोली, अशा तीन खोल्या एकावर एक. वारा आरपार जाण्याचा प्रश्नच नाही. अंगणात सामाईक धुणीघर आणि सामाईक संडास. खोल्या १८४०, १८७०, १९३० आणि १९७०च्या दशकांत जशा असतील तशा मांडल्या आहेत.

इथं नजर बेडफर्ड स्क्वेअरच्या उलट चालवावी. दाखवायला काही नाही, त्यामुळं लपवायलाही काही नाही. वीट लाल, कारण इथल्या मातीत लोह आहे आणि खडू मिसळलेला नाही. १७८४ पासून विटांवर दर हजारी कर होता, सुरुवातीला अडीच शिलिंग, पुढं वाढत गेला, आणि १८५० मध्ये रद्द झाला. ही घरं पूर्णपणे त्या करातली. भिंतीत एक वीट जरी वाचली तरी पैसा वाचत होता. स्वस्त घर म्हणजे वाईट बांधकाम असं मात्र सरसकट म्हणू नये. मधली भिंत दोन्ही बाजूंच्या चुलींनी वर्षभर गरम राहायची, ती कोरडी. ओल शिरली ती बाहेरच्या एकेरी भिंतीतून आणि जमिनीतून.

१८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर नगरपालिकांनी रस्त्याची रुंदी आणि घरामागं मोकळी जागा यांचे नियम केले. इंग्लंडभर दिसणाऱ्या सरळ, एकसारख्या लाल रांगा त्यातून आल्या. नवीन पाठीला पाठ घरं १९०९ मध्ये देशभर बंद झाली, तरी लीड्समध्ये आधी मंजूर झालेल्या नकाशांच्या जोरावर ती १९३७ पर्यंत बांधली गेली.

चौथा दिवस : किंग हेन्रीज रोड

चॉक फार्म स्टेशनवर उतरून रेल्वेचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड. कॉलेज स्थापन करणाऱ्या सहाव्या हेन्रीचं नाव रस्त्याला आहे. जमीन त्याच ईटनची. १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले, तशी पाटी दर्शनी भिंतीवर आहे. महाराष्ट्र सरकारनं हे घर २०१५ मध्ये घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्मारक म्हणून त्याचं उद्घाटन झालं. त्यांचे दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जात, म्हणजे बेडफर्ड स्क्वेअरच्या शेजारीच. चालत तासाभराच्या आतलं अंतर आहे. दुसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे नकाशे तिथं जुळतात.

ही वस्ती व्हिक्टोरियन. इथल्या रांगांत काय बदललं ते रस्त्यावरूनच दिसतं. काचेवरचा कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये गेला. त्यामुळं सहा-सहा लहान तावदानांच्या जागी एक किंवा दोन मोठ्या काचा आल्या. मोठी काच जड, आणि मधल्या पट्ट्यांचा आधार गेलेला. म्हणून सरकत्या चौकटीच्या कोपऱ्यांना खाली लाकडाची शिंगं काढली, सांधा फाटू नये म्हणून. जॉर्जियन म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खिडकीला शिंगं असतील तर ती नंतरची.

मध्यम रुंदीच्या लंडनी रांगांत कठड्यामागं बहुतेकदा उघडलेल्या पुस्तकासारखं छप्पर असतं : दोन्ही उतार मध्यभागी येतात आणि पन्हळ पुढून मागं जाते. सगळं पाणी घराच्या मधोमध. पन्हळीतलं शिसं उन्हाळ्या-हिवाळ्यात वाढतं, आकसतं. एक पत्रा साधारण दीड-दोन मीटरपेक्षा लांब ठेवला की तो फाटतो, म्हणून पायऱ्या पाडून तुकडे बसवायचे. पानं आणि कबुतरं पन्हळ तुंबवतात आणि ओल उतरते ती मधल्या लाकडी भिंतीत. ही भिंत नुसता आडोसा नसते. तिच्या आत तिरप्या लाकडांची कैची असते आणि वरचे मजले तिच्यावर टेकलेले असतात. दोन खोल्या एक करण्यासाठी तिच्यात भगदाड पाडलं की काही वर्षांत वरची जमीन मध्ये खचते आणि दारं अडकायला लागतात.

खाली लंडनची चिकणमाती. पाया म्हणजे विटांच्या चार-सहा रद्द्यांच्या पायऱ्या, फारसा खोल नाही. कोरड्या उन्हाळ्यात, विशेषतः मोठं झाड जवळ असेल तर, माती आकसते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघतात. १९७६च्या दुष्काळात असे दावे इतके आले की विमा कंपन्या जाग्या झाल्या. चीर दिसली की लगेच काँक्रीट ओतू नये. दोन्ही बाजूंना खुणा मारून निदान वर्षभर मोजावं. उन्हाळ्यात रुंदावून हिवाळ्यात मिटत असेल तर कारण मातीत आहे, आणि एकाच दिशेनं वाढत असेल तर फुटलेलं गटार शोधावं.

आंबेडकरांच्या घराचा वाद मात्र मातीचा नव्हता. राहत्या घराचं संग्रहालय करायला वापरबदलाची परवानगी लागते. कॅमडेन कौन्सिलनं ती नाकारली. राहण्याची जागा कमी होते हा आक्षेप होता, आणि शेजाऱ्यांची तक्रार वर्दळीची. सार्वजनिक चौकशीनंतर मार्च २०२० मध्ये मंत्रिपातळीवर परवानगी मिळाली. रांगेतलं घर विकत घेतलं तरी भिंत निम्मीच आपली असते. १९९६च्या सामाईक भिंतींच्या कायद्याप्रमाणं तिला हात लावायचा तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. चौदा दिवसांत संमती आली नाही तर वाद झाला असं धरून सर्व्हेयर नेमतात, आणि त्याचा खर्च बहुधा काम काढणाऱ्याच्या माथी.

आंबेडकरांच्या घरात शिरताना शांतता पाळावी आणि गटानं जाणाऱ्यांनी बस दारात उभी करू नये. चॉक फार्म पायी जवळ आहे.